बटणाचं ऊन

हीट ट्रान्सफरच्या लेक्चरला सर 'लम्प्ड कपॅसिटन्स' शिकवत होते. फळ्यावर एक गरम गोळा हवेत थंड होत होता. शेवटच्या बाकावर मी चक्क जागा होतो! कारण मला तिथे गोळा दिसतच नव्हता, बटण दिसत होतं.

बटण म्हणजे आमचं कासवाचं पिल्लू. मी नववीत असताना धाकट्या बहिणीच्या हट्टापायी बाजारातून आणलेलं. पाच रुपयांच्या नाण्याहून जरासंच मोठं, डोळ्यांमागे लाल पट्टा. देशी कासव पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा, पण ही जात अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली, म्हणून खुलेआम मिळायची. ट्रॉम्बेच्या आमच्या घरात त्याची जागा ठरली टीव्हीशेजारी, काचेच्या भांड्यात, पंख्याखाली.

शाळेत 'कोल्ड ब्लडेड' हा शब्द घोकलेला. त्यावरून माझी ठाम समजूत, की याला गारवाच हवा. मे महिन्यात तर मी भांड्यात बर्फ टाकायचो! आई म्हणायची, "अरे, जरा ऊन दाखव त्याला." पण कॉन्व्हेंटचा शहाणा ऐकतोय कुठला!

खरं म्हणजे कासवाच्या अंगात आपल्यासारखी शेगडी नसते. ऊब बाहेरून आणायची. दगडावर चढायचं, मान-पाय ताणून ऊन खायचं, तापलं की पाण्यात बुडी. अंग तापलं तरच खाल्लेलं नीट पचतं. त्यात पिल्लाचं अवघड, कारण वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा. सरांचं सूत्र लावा: बाकी सगळं सारखं धरून लांबी निम्मी केली, की टाइम कॉन्स्टंटही निम्मा. मोठं कासव सकाळचं ऊन पुरवून वापरतं. बटण झटकन तापणार, झटकन निवणार. त्याला ऊन आणि सावली दोन्ही दोन पावलांवर हवं. नुसतं भांडं उन्हात ठेवलं असतं, तर उलट भाजून निघालं असतं. आणि बंद खिडकीतून येणारं ऊनही पुरत नाही. काच नेमके ते अतिनील किरण अडवते, ज्यांच्यावर ड जीवनसत्त्व आणि कवचाचा टणकपणा अवलंबून.

आमच्या भांड्यात ना दगड, ना ऊन.

जानेवारीत बटणाने खाणं सोडलं. कवच बोटाने दबायला लागलं. आम्ही म्हणायचो, झोपाळू झालंय. एका सकाळी ते हललंच नाही. बदामाच्या झाडाखाली बहिणीने खड्डा खणला, मी नुसता उभा.

"एनी डाउट्स?" सरांनी विचारलं. मी वहीत डोकं घातलं.

बर्फाचं बहिणीला अजून सांगितलेलं नाही. त्यामुळे हा अंक काही मी घरी नेणार नाही.