रोखीचा वटाव आणि स्वस्त कर्ज

आमच्या घराण्याचा धंदा सांगलीत हळदीच्या अडतीचा. थोरले बंधू, ज्यांना घरीदारी सारे अण्णा म्हणत, ते दुकान सांभाळीत असत, मी एम.कॉम. होऊन बँकेच्या नोकरीत शिरलो आणि तेथूनच निवृत्त झालो. घरात देण्याघेण्याचा कोणताही प्रश्न निघाला की अण्णा म्हणत, "धाकट्याला विचारा, तो बँकेतला आहे." या वाक्याने मला घरात मोठा मान मिळवून दिला. त्या मानाला मी एकदा पात्र ठरलो नाही. ती हकीकत इतकी वर्षे मनातच ठेवली होती. परंतु अलीकडे पुतण्याच्या मोटारीच्या निमित्ताने ती सांगण्याची वेळ आली.

एका रविवारी सकाळी पुतण्या दोन कागद घेऊन घरी आला. नवी मोटार घ्यायची ठरली होती. नोंदणी, विमा वगैरे सर्व धरून किंमत दहा लाख रुपये. विक्रेत्याने दोन पर्याय पुढे ठेवले होते. पहिला, किमतीत साठ हजारांची सूट. मग पैसे रोख द्या किंवा आपल्या बँकेचे कर्ज काढा. दुसरा, सूट काही नाही, पण मोटार कंपनीशी संलग्न वित्तसंस्थेकडून पाच टक्के दराने कर्ज. आपल्या बँकेचा दर त्याने विचारून ठेवला होता, तो नऊ टक्के.

"काका, आजच्या दिवसांत पाच टक्क्यांनी पैसा कोण देतो? दुकानाच्या सीसी खात्याला आपण दहा टक्के भरतो. मी तर पाच टक्केच घेणार आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

"हो" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो तेथेच थांबला, याचे कारण १९९६ साल.

त्या वर्षी अण्णांनी घरातली पहिली मोटार घेतली. दीड लाखाचे कर्ज, तीन वर्षांची मुदत, एका खाजगी वित्तसंस्थेचा बारा टक्के दर. त्यांनी मला विचारले. आमच्या बँकेचा दर तेव्हा सतरा टक्क्यांच्या आसपास होता. मी कागद उलगडूनही न पाहता म्हणालो, "बारा टक्के? मग विचार कसला करता? घेऊन टाका." अण्णांनी त्याच दिवशी सह्या केल्या.

पुढे काही महिन्यांनी माझी बदली कर्ज विभागात झाली आणि एका ग्राहकाचे असेच कागद तपासताना माझ्या पायाखालची जमीन सरकली. तो बारा टक्के दर 'फ्लॅट' होता. म्हणजे तीन वर्षांचे व्याज संपूर्ण दीड लाखावर धरलेले. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, ही गोष्ट हिशेबातच नाही. दीड लाखावर ५४,००० रुपये व्याज आणि महिन्याला ५,६६७ रुपयांचा हप्ता. घटत्या शिल्लकेवर मोजले, तर हा दर एकवीस टक्क्यांच्याही वर जातो. आमच्या बँकेच्या सतरा टक्क्यांनी व्याज सुमारे साडेबेचाळीस हजार झाले असते. माझ्या एका वाक्याने अण्णांना साडेअकरा हजारांची चाट बसली होती आणि त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. वित्तसंस्थेने काही लपवले नव्हते. 'फ्लॅट' हा शब्द कागदावर छापलेला होता. वाचण्याचे काम माझे होते. मी अण्णांना हे सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू असे करता करता कर्ज फिटले आणि विषयही संपला, असे मी धरून चाललो.

हे सारे आठवले आणि मी पुतण्याला म्हणालो, "बैस. आधी हिशेब मांडू."

अडतीच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला हा हिशेब समजावणे अवघड नाही. रोख पैसे मोजणाऱ्याला व्यापारी वटाव देतो आणि उधारीवाल्याला पूर्ण भाव लावतो. आपल्या वहीत 'कसर-वटाव' हे खाते पिढ्यान् पिढ्या आहे. उधारीवर व्याज लावले नाही, म्हणून ती फुकट होत नाही; सोडलेला वटाव हेच तिचे व्याज असते. मोटारीचे स्वस्त कर्जही याच जातीचे. चार टक्क्यांचा फरक वित्तसंस्था स्वतःच्या पदरचा सोसत नाही. सामान्यतः कंपनी किंवा विक्रेता तो भरून देतो आणि ज्या पैशातून तो भरला जातो, त्याच पैशातून एरवी आपल्याला सूट मिळाली असती.

रिझर्व्ह बँकेनेही २०१३ च्या सप्टेंबरात बँकांना हेच बजावले होते. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच मुळात अस्तित्वात नाही, असे त्या परिपत्रकात होते. वस्तूच्या किमतीत सूट मिळत असेल, तर ती वजा करून उरलेल्या रकमेवर कर्ज द्यावे, व्याजदर कमी दाखवून तिची वासलात लावू नये, असा त्याचा आशय होता.

पुतण्याचा पहिला बेत असा होता, की चार लाख हातचे भरायचे, सहा लाख कर्ज आणि मुदत तीन वर्षे. पाच टक्क्यांनी सहा लाखांचा हप्ता १७,९८३ रुपये येतो. सूट घेतली, तर कर्ज पाच लाख चाळीस हजारच लागेल आणि नऊ टक्क्यांनीही हप्ता १७,१७२ रुपये होतो. दर जवळजवळ दुप्पट, तरी हप्ता महिना आठशे रुपयांनी कमी. तीन वर्षांत सुमारे २९,००० रुपयांची बचत. पुतण्याने आकडे स्वतः पुन्हा करून पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले.

इतक्यात त्याच्याबरोबर आलेल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हळदीचा हंगाम तोंडावर आला आहे. चार लाख दुकानातून काढले, तर मालाला पैसा कोठून आणायचा? दोन लाखच भरू द्या."

त्यांचे म्हणणे रास्त होते. दुकानातून काढलेला रुपया मोफत नसतो. सीसी खात्यावर त्याला दहा टक्के पडतात. म्हणून पुन्हा हिशेब मांडला. कर्ज आठ लाख, मुदत पाच वर्षे. पाच टक्क्यांनी हप्ता १५,०९७. सूट घेऊन सात लाख चाळीस हजारांवर नऊ टक्क्यांनी १५,३६१. आता पारडे उलटले. स्वस्त कर्ज पाच वर्षांत सुमारे १५,८५० रुपयांनी फायद्याचे ठरले. मोटार तीच, सूट तीच, दरही तेच; केवळ रक्कम आणि मुदत वाढली आणि उत्तर बदलले. अर्ध्या तासापूर्वी मी घाईने "सूटच घे" असे सांगितले असते, तर १९९६ ची चूक उलट्या बाजूने पुन्हा केली असती.

तरीही माझे समाधान झाले नाही. मी पुतण्याला विचारले, "तू पाच वर्षे हप्ते भरत बसशील का?"

तो हसला. "नाही काका. बाबांची शिकवण ठाऊक आहे ना? दोन हंगाम चांगले गेले, की कर्ज फेडून मोकळा होईन."

येथे खरी मेख आहे. किमतीतली सूट पहिल्याच दिवशी आपल्या पदरात पडते. कमी व्याजाचा लाभ मात्र महिन्या-महिन्याने मिळतो आणि कर्ज लवकर फेडले की उरलेला लाभ तेथेच राहतो. दोन वर्षांनी फेड केली, तर पाच टक्क्यांच्या कर्जाचे सुमारे ५,०३,७०० रुपये बाकी असतील आणि नऊ टक्क्यांच्या कर्जाचे सुमारे ४,८३,०००. दोन वर्षांत जादा भरलेले हप्त्यांचे सहा हजार तीनशे वजा केले, तरी सूट चौदा हजारांनी सरस ठरते. पारडे पुन्हा फिरले, ते घेणाऱ्याच्या स्वभावामुळे.

ज्यांच्याजवळ सगळी रक्कम रोख आहे, त्यांना मोह होतो, की पैसे ठेवीत ठेवावे आणि पाच टक्क्यांचे कर्ज घ्यावे. सात टक्क्यांच्या ठेवीवर तीस टक्के प्राप्तिकर गेला, की हाती पाच टक्केही उरत नाहीत. आणि सूट गेली ती वेगळीच.

सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. दर फ्लॅट आहे की घटत्या शिल्लकेवर? आठ लाखांवर पाच वर्षांसाठी फ्लॅट पाच टक्के म्हणजे प्रत्यक्षात नऊ टक्क्यांहून जास्त. प्रक्रिया शुल्क किती? स्थिर दराच्या कर्जात मुदतपूर्व फेडीचे शुल्क लागेल का? सवलतीबरोबर विमा आणि सजावटीचे साहित्य तेथूनच घ्यावे लागते का आणि त्यांचा भाव बाहेर काय आहे? १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे; त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर दिलेला असतो. विक्रेत्याच्या तोंडचा दर बाजूला ठेवून तो आकडा पाहावा. १९९६ साली असा कागद नव्हता, हे मात्र मी सबब म्हणून सांगणार नाही. हिशेब करण्याची विद्या मला तेव्हाही येत होती.

पुतण्याने अखेर सूट घेतली, आपल्या बँकेतून कर्ज काढले, आणि विमा दोन-तीन ठिकाणी भाव विचारून घेतला. कागद आवरून तो उठला, तेव्हा मी त्याला थांबवून अण्णांच्या मोटारीची हकीकत सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. मग मी उरलेली गोष्ट सांगितली. अण्णा गेल्यानंतर जुन्या वह्या चाळताना १९९६ ची वही माझ्या हाती आली होती. मागच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात महिन्यागणिक मुद्दल आणि व्याज मांडलेले होते, आणि खाली एकच ओळ होती : 'व्याज २१ टक्के पडले.' त्यांना सर्व कळले होते. बहुधा पहिल्या वर्षीच कळले असावे. त्यानंतरही ते लोकांना माझ्याकडे पाठवीत राहिले, "धाकट्याला विचारा" म्हणत राहिले. आणि मला एका शब्दानेही बोलले नाहीत.

वहिनी खाली पाहत म्हणाल्या, "मला ठाऊक होते, भाऊजी. ते म्हणाले होते, त्याला कळेल तेव्हा तो दुसऱ्या कोणाला फसू देणार नाही."

मला पुढे काही बोलता आले नाही. पुतण्याने वाकून नमस्कार केला आणि तो दुकानाकडे निघाला. दोन्ही हिशेबांचा कागद मात्र माझ्याच टेबलावर राहिला होता. तो मी अण्णांच्या त्या वहीत, मागच्या पानाजवळ ठेवून दिला आहे.