गुन्हेगार घरातच सापडला

दर्यापूरकडच्या आमच्या वावरात ज्वारी निसवली की मी जागलीला जात असे. माळ्यावर कंदील आणि कंदिलाशी बाबुराव अर्नाळकरांची रहस्यकथा! त्यांनी अशा हजारांवर कथा लिहिल्या. अकोल्याला कापूस विकून परतताना पिशवीत एखादी असायचीच. झुंजार संकटात सापडला की डोळ्याला डोळा लागत नसे, आणि पिकाची राखणही आपोआप होई. वाचक बंधू-भगिनींनो, लांब रात्री काढायला रहस्यकथा जरूर वाचा.

पण सोबत एखादी आत्मकथाही ठेवा. आपल्या परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात पडले, पुढे गाडगेबाबांसोबत हिंडले. त्यांच्या ‘स्मरणगाथे’ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

दुसरी आनंद यादवांची ‘झोंबी’, १९८७ सालची. ती मला माझ्या मुलाने आणून दिली. कागलच्या गरीब शेतकऱ्याचे पोर शिकू पाहते आणि बाप त्याला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो. वाचता वाचता मी थबकलो. एका नापिकीच्या वर्षी मीही याच मुलाला सातवीतून काढून ढोरांमागे धाडले होते. त्याने ते कधी बोलून दाखवले नाही. रहस्यकथेत गुन्हेगार दुसराच कुणी निघतो. इथे तो मी निघालो.

पुस्तक परत देताना म्हणालो, “माह्यं चुकलं रे बाबू.”

तो काही बोलला नाही. त्या रात्री जागलीला मात्र दोघे मिळून गेलो.