आधी टाकी, मग किक

चि. सोनू हिस,


तुझं पत्र वाचलं. रत्नागिरीच्या पडवीत मार्च २०२० पासून उभी असलेली तुझ्या बाबांची चेतक तू सुरू करायला घेतलीस, याचा फार आनंद झाला. पन्नासेक किका मारूनही ती एकदासुद्धा बोलली नाही, नवा प्लग घालूनही उपयोग झाला नाही, आणि आता गॅरेजवाला कार्बोरेटरच बदलू म्हणतोय, असं तू लिहितेस. त्याच पत्रात तीन गोष्टी तू ओघात लिहून गेली आहेस. किका मारल्यावर काढलेला प्लग कोरडा होता. तो कॅपला लावून इंजिनाच्या धातूला टेकवला तेव्हा ठिणगी निळी आणि ठसठशीत पडली. आणि टाकीचं झाकण उघडल्यावर पेट्रोलाऐवजी वॉर्निशसारखा उग्र वास आला. माझ्या मते सगळं उत्तर या तीन ओळींत आहे. तुझ्या गाडीचं इंजिन बिघडलेलं नाही, पेट्रोल बिघडलंय. ते पूर्ण बाहेर काढून त्याची वाट साफ होईपर्यंत मारलेली प्रत्येक किक नुकसान करते, म्हणून तूर्त किक मारणं थांबव.

असं मी कशावरून म्हणते? इंजिन सुरू व्हायला दाब, ठिणगी आणि हवेत नीट मिसळलेलं पेट्रोल एवढं पुरतं. किक मारताना पायाला खालून जोर लागतो असं तू लिहितेस, म्हणजे पिस्टन मोकळा आहे आणि दाबही बऱ्यापैकी आहे. बॅटरीवर संशय घ्यायचं कारण नाही, कारण जुन्या चेतकला सुरू व्हायला बॅटरी लागतच नाही. तिची ठिणगी मॅग्नेटोतून येते, आणि ती तू डोळ्यांनी पाहिलीस. उरलं पेट्रोल. लोखंड, ॲल्युमिनियम, तांब्याची वेटोळी ही इतक्या पावसाळ्यांत फारशी बदलत नाहीत, निदान छपराखाली तरी नाहीत. पेट्रोल मात्र झाकणाखाली नुसतं ठेवलं तरी आपोआप बदलत राहतं. आणि कोरडा प्लग सांगतो की ते सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीये. पेट्रोल पोचून ठिणगी नसती, तर प्लग ओला निघाला असता.

पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले हलके घटक सर्वांत आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेट घेतं ते मुख्यतः याच घटकांच्या जोरावर. मागे जे राहतं त्यातल्या काही घटकांचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो; वॉर्निशचा वास त्याचाच. चेतकच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. हे टू-स्ट्रोक इंजिन, त्याचं वंगण पेट्रोलातच मिसळलेलं असतं. पेट्रोल उडतं, टू-टी ऑइल उडत नाही. टाकीत ही गोष्ट सावकाश होते, पण कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल असतं जेमतेम काही चमचे. ते काही आठवड्यांत आटतं आणि तळाशी तेल व डिंक यांचा तपकिरी लेप उरतो. पेट्रोल कॉक तेव्हा उघडा राहिला असेल, तर टाकीतून पुन्हा पेट्रोल उतरलं, पुन्हा आटलं, आणि लेपावर लेप चढत गेला. कॉक बंद होता की उघडा, ते तू लिहिलं नाहीस. आधी ते बघ.

आता त्या लेपाने काय होतं ते हिशेबानेच पाहू. कार्बोरेटरमधल्या पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, मेन जेटचं साधारण एक मिलिमीटर. दोन्हींच्या आतल्या भिंतीवर एक दशांश मिलिमीटर जाडीचा लेप बसला असं धर. मेन जेटचा व्यास ०.८ मिलिमीटर होतो, म्हणजे वाट मूळच्या ६४ टक्के उरते. पायलट जेटचा व्यास ०.३ वर येतो आणि वाट उरते फक्त ३६ टक्के. गाडी सुरू होऊन जागच्या जागी चालायला लागणारं पेट्रोल याच लहान वाटांनी येतं. म्हणून इतर सगळं ठीक असताना नेमकी सुरू होण्याचीच क्षमता आधी जाते. गॅरेजमध्ये ‘कचरा आलाय’ म्हणतात तो पुष्कळदा बाहेरून आलेलाच नसतो, पेट्रोलाने तिथल्या तिथे तयार केलेला असतो. आणि तुझी प्रत्येक किक टाकीच्या तळातला गाळ याच भोकांकडे ओढत होती.

यावर कुणी तुला सांगेल, अगं, बजाजची स्कूटर आहे, जरा तिरकी कर, मग मार किक. हा सल्ला खुळचट नाही. घरोघरी रोज सकाळी चेतक वाकवली जायची त्याला कारण होतं. गाडी वाकवली की अडकलेला फ्लोट हलतो, चेंबरमधली पातळी बदलते आणि इंजिनाकडे थोडं जास्त पेट्रोल जातं. पण हा उपाय एका रात्रीच्या किंवा चार दिवसांच्या विश्रांतीवरचा. चेंबरमध्ये चांगलं पेट्रोल आहे आणि फक्त पातळीचा प्रश्न आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. तुझ्याकडे ते गृहीतच खोटं आहे.

दुसरा सल्ला याहून गोड वाटतो: वरून दोन लिटर ताजं पेट्रोल ओत, जुनं त्यात मिसळून जाईल. हा मात्र मला सर्वांत घातक वाटतो, आणि आजच्या पेट्रोलामुळे जास्तच. गाडी उभी केली तेव्हा देशातल्या पेट्रोलात इथेनॉल सरासरी पाच टक्के होतं. आज पंपावर मिळतं त्यात ते वीस टक्क्यांपर्यंत गेलंय. त्यातलं बरंच आपल्याच साखर कारखान्यांतून येतं, आणि ऊस पिकवणाऱ्याला त्याचा आधार आहे हे मी नाकारत नाही. पण इथेनॉलचे दोन गुण तुझ्या गाडीला आडवे येतात. एक तर ते उत्तम द्रावक आहे. वर्षानुवर्षं टाकीच्या भिंतीला चिकटलेला डिंक आणि त्यात धरलेला गंज ते सोडवून पाण्यासारखा खाली आणतं, आणि ते सगळं जातं कार्बोरेटरमध्ये. दुसरं, ते हवेतला ओलावा शोषतं. टाकी अर्धी रिकामी, झाकणाला हवेचं छिद्र, दिवसा तापून रात्री निवणारी पडवी आणि कोकणातला पाऊस. टाकी रोज थोडी दमट हवा आत घेते आणि सोडते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी एका मर्यादेपर्यंतच सामावून घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी थर धरतात. जेवढं इथेनॉल कमी तेवढी ही मर्यादाही लहान, त्यामुळे तेव्हाचं पाच टक्केवालं पेट्रोल या बाबतीत निर्धास्त नव्हतं. कॉक रिझर्व्हवर नेलास तर पेट्रोल अगदी खालून ओढलं जातं, म्हणजे हाच थर आधी वाटेला लागतो.

माझ्या निदानावर गंभीर आक्षेप दोनच आहेत. पहिला ठिणगीचा. जुन्या चेतकमध्ये पॉइंट असतात, न वापरल्याने त्यांवर पातळ पापुद्रा धरतो, कंडेन्सरही वयाने जातो. तेव्हा ठिणगी आधी पाहावी हे जुन्या मेकॅनिकांचं म्हणणं योग्यच आहे. पण ठिणगी पाहायला दोन मिनिटं आणि शून्य रुपये लागतात. आधी पाहावं ते खरं, आधी विकत घ्यावं ते खरं नाही. उघड्या हवेत पडणारी ठिणगी सिलिंडरच्या दाबाखालीही तशीच पडेल याची खात्री नसते, हेही मला मान्य आहे. त्याला साधा उपाय आहे, आणि किक न मारण्याला तेवढाच अपवाद. ताज्या पेट्रोलात टू-टी ऑइल मिसळून त्याचा अर्धा चमचा प्लगच्या भोकातून आत सोड, प्लग बसव आणि किक मार. इंजिन दोन सेकंद बोलून विझलं, तर दाब आणि ठिणगी दोन्ही निर्दोष ठरतात आणि दोष पेट्रोल पोचण्यातच आहे हे सिद्ध होतं. कोरं पेट्रोल मात्र आत घालू नकोस, कारण इतक्या वर्षांनी सिलिंडरच्या भिंतीवर जो काही तेलाचा पदर उरलाय तो त्याने धुऊन निघेल. उघड्या हवेतली ठिणगी पाहायची ती पेट्रोलाला हात लावण्याआधी, आणि प्लगच्या उघड्या भोकापासून दूर. हे काम अंगणात, दिवसाउजेडी कर. टाकीत डोकवायला टॉर्च घे.

दुसरा आक्षेप ऑइल सीलचा, आणि तो मी जास्त मानते. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हाच पंप असतो. तिथली रबरी सील सुकून कडक झाली की बाहेरची हवा आत शिरते आणि पेट्रोल पुरेसं ओढलं जात नाही. म्हणजे टाकीपासून जेटपर्यंत सगळं स्वच्छ करूनही गाडी सुरू होणार नाही, किंवा सुरू होऊन आपोआप गरगरत राहील, किंवा गिअरबॉक्समधलं तेल आत ओढून दाट पांढरा धूर सोडेल. हे होऊ शकतं. पण सील बदलायची तर इंजिन खाली उतरवून उघडावं लागतं, आणि तो दोष ओळखण्याची सोपी रीत म्हणजे स्वच्छ पेट्रोलावर चालवून पाहणं. घाणेरड्या जेटने इंजिनाची उपासमार होते आणि फुटक्या सीलनेही होते. पहिलं दूर केल्याशिवाय दुसरं ओळखता येत नाही. म्हणून क्रम बदलत नाही. उलट, सीलचा संशय जेवढा जास्त, तेवढी आधी टाकी साफ करण्याची निकड जास्त.

काम पेट्रोल वाहतं त्याच दिशेने करत जा. टाकीतलं सगळं पेट्रोल नळी सोडवून डब्यात काढ, आणि थोडं एका काचेच्या बाटलीत रात्रभर ठेव. गटारात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नकोस. टाकीत गंजाचे पापुद्रे दिसले तर ती उतरवून धुवावी लागेल. नुसता डाग असेल तर ताज्या पेट्रोलाने दोनदा खळखळवणं पुरे. रबरी नळी बदलूनच टाक, ती फार स्वस्त असते. मग कार्बोरेटर उघडून फ्लोट, त्याची सुई, बारीक जाळी आणि जेट काढायचे. इथे एक विनंती मनापासून करते. गॅरेजमध्ये जेटमध्ये तार खुपसू लागले तर हात धर. जेट पितळेचा, तार पोलादाची. एकदा भोक ओरखडलं की ते मोठं होतं आणि मग ती गाडी कधीच मापात पेट्रोल पीत नाही. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या झोताने उडवलं की लेप निघतो, न निघाला तर पुन्हा भिजवायचं. तोवर प्लगच्या भोकातून टू-टीचे पाच-सहा थेंब सोडून, प्लग बाहेरच ठेवून, कॅप बाजूला धातूला टेकवून, किकचा दांडा हाताने आठ-दहा वेळा सावकाश खाली कर. मग नवं पेट्रोल लिटरभरच घाल. तेलाचं प्रमाण बाबांच्या पुस्तिकेत दिलं असेल तेच ठेव. दोन टक्के असेल तर लिटरला २० मिलिलिटर.

कार्बोरेटर बदलण्याबद्दल. गॅरेजवाला फसवतोय असं मी म्हणत नाही. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींत इंधन इंजेक्शनने येतं, आणि कार्बोरेटर हातात घेऊन बसण्याची सवयच कमी होत चालली आहे. खुद्द चेतक हे नावसुद्धा त्याच वर्षी विजेच्या स्कूटरवर गेलं. बदलणं त्याच्यासाठी झटपट आहे. पण तुझ्या गाडीचा मूळ कार्बोरेटर तिच्या इंजिनाच्या मापाने जुळवलेला होता, आणि बाजारात आज त्याच्या नावाने जे मिळतं ते सगळं त्या मापाचं असेलच असं नाही. शिवाय टाकी तशीच ठेवून नवा बसवला, तर पंधरा दिवसांत तोही त्याच घाणीने भरेल. तेव्हा त्याला सांग, पैसे घे, पण सफाईचे घे.

बाटलीत सकाळी काय दिसतं ते मला लगेच कळव: रंग चहासारखा आहे का, आणि तळाशी वेगळी रेघ दिसते का. रेघ दिसली तर टाकी उतरवायचीच, मग आतून ती कितीही चांगली दिसो.

तुझी,
मावशी