कागदाएवढे अंतर

आमच्या हातांना खडू, लेखणी आणि चहाची कपबशी यांहून जड वस्तूची सवय नाही. असे असता गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोन दिवस एका रणगाड्याच्या पोटात घालविले, हे ऐकून वाचकांस हसू येईल. रणगाडा अर्थात् लहान. रेडिओच्या लहरींवर चालणारी, मूळच्या सोळाव्या हिश्श्याची जर्मन 'पँथर'ची प्रतिकृती.

ती आमच्या चिरंजिवांची. त्यांनी महाविद्यालय सोडून आय.टी.आय.मध्ये फिटरचे काम शिकण्याचे ठरविले, त्या दिवसापासून आमच्यांत जेवणाच्या ताटापुरतेच बोलणे उरले होते. ते सुटीत येण्यापूर्वी, समेटाची भेट म्हणून, आम्ही त्या रणगाड्याचे प्लॅस्टिकचे पट्टे काढून धातूचे चढविले. तो दिवाणखान्यात चार हात चालला, आत सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला आणि एक बाजू थांबली. गिअरबॉक्समधील प्लॅस्टिकच्या चाकांचे दाते मोडले होते.

चिरंजीव आले, त्यांनी पाहिले, आणि रागावण्याऐवजी म्हणाले, "बाबा, तुम्ही जर्मनांचीच चूक केलीत!" खरा पँथर प्रथम ३०-३५ टनांचा योजिला होता. चिलखत वाढून तो ४५ टनांचा झाला; पण पट्टे ओढणाऱ्या चाकास शक्ती पोचविणारी शेवटची दातेरी जोडी त्या वजनापुढे दुबळीच राहिली. १९४३ च्या जुलैत कुर्स्क येथे कितीतरी पँथर बिघाडानेच अडकले; आणि युद्धानंतर ते वापरणाऱ्या फ्रेंच सैन्याने १९४७ च्या अहवालात त्या जोडीचे आयुष्य अवघे १५० किलोमीटर नोंदविले.

मग पोलादी दात्यांच्या दोन गिअरबॉक्स आणविल्या. एक डाव्या पट्ट्यासाठी, एक उजव्या. आपले पाप आपणच फेडावे म्हणून त्या बसविण्याचा हट्ट आम्ही धरला. एका मोटरच्या तारा उलट जोडल्या गेल्याने रणगाडा हॅम्लेटसारखा जागच्या जागी फिरू लागला. तारा सुधारल्या, तो सरळ चालला. पण उजवी मोटर किंचाळू लागली आणि हात लावताच चटका बसला.

चिरंजिवांनी पेटी पुन्हा उघडली. मोटरचे लहान चाक आम्ही मोठ्या चाकावर होता होईल तितके घट्ट दाबून बसविले होते. जवळीक जितकी अधिक तितकी बरी, असा आमचा समज. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेची पट्टी फाडून दोन्ही चाकांच्या दात्यांमध्ये धरली, मोटरचे स्क्रू आवळले, आणि चाक फिरवून कागद काढून घेतला.

"फार दाबले तर अडतात, बाबा. फार लांब ठेवले तर दाते घसरून झिजतात. कागदाएवढी जागा लागते."

हे त्यांनी चाकांविषयीच म्हटले, यात शंका नाही. परंतु आधी वीस वर्षे दाबून धरण्यात आणि नंतर एक वर्ष दूर राहण्यात आम्ही काय मोडले, ते आम्हांस त्या क्षणी कळले.

सुटी संपून ते निघाले, तेव्हा आम्ही विचारले, "तुझ्या वर्कशॉपमध्ये बाहेरच्यांना येऊ देतात का?"

"या की," ते म्हणाले. "पण कशाला हात लावू नका."