बाबांची शकुंतला

दारव्हा,
१४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न.

परवा फोन ठेवल्यावर बाबा तासभर भिंतीकडे तोंड करून पडून होते. तू विचारलंस, "जेवण झालं?" ते "जे... जे..." करत होते, तेवढ्यात तूच म्हणालास, "झालं ना? बरं, आराम करा." राग मानू नकोस, पण हे पत्र त्यासाठीच.

लकवा डाव्या मेंदूत झाला, म्हणून उजवा हात गेला आणि सोबत शब्दही. याला वाचाघात म्हणतात. गावात कोणी म्हणतं वाचा बसली, कोणी म्हणतं डोकं फिरलं. डोकं जागेवर आहे. कापसाचा भाव कोणी चुकीचा सांगितला तर बोटांनी दुरुस्त करतात. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका या डॉक्टरांकडे एक रोगी होता, काहीही विचारा, 'तान' म्हणायचा. तो गेल्यावर मेंदू पाहिला, तर डावीकडचा पुढचा भाग खराब. आपल्या बाबांचं 'तान' म्हणजे 'ते असं'. चहा हवा, 'ते असं'. पंखा बंद करा, तरी 'ते असं'.

दवाखान्यातून सुट्टी देताना "येईल हळूहळू" एवढंच सांगितलं. दोन महिने तसेच गेले. आता नागपूरच्या स्पीच थेरपिस्ट मॅडम आठवड्यातून दोनदा मोबाईलवर शिकवतात. एकदा त्यांनी रेल्वेचं चित्र दाखवलं. बाबांच्या कपाळाची शीर फुगली, डावा हात हवेत सरळ रेघ ओढत गेला, आणि निघालं, "श... शकुं... शकुंतला!" मॅडम म्हणाल्या, "नाही काका, बाईचं नाव नको." मला हसू आवरेना. त्यांना सांगितलं, पूर्वी यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जायची ती आमची छोटी गाडी! तेव्हापासून विमान आणि शिडाच्या होडीची चित्रं पेटीत गेली. मी काढलेले फोटो चालतात: पऱ्हाटी, डवरा, खाट, अडकित्ता.

खरी गंमत गुरुवारची. शेजारी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना सुरू झाली आणि बाबा अख्खी म्हणाले, एक शब्द न अडखळता. आई रडायलाच लागली, "बरे झाले वो!" दोन मिनिटांनी पाणी मागता येईना. मॅडम म्हणाल्या, गाण्यात उजव्या मेंदूचाही वाटा असतो. बोस्टनच्या मंडळींनी १९७३ साली त्यावरूनच सुरात बोलायला शिकवण्याची पद्धत मांडली. आता बाबा डाव्या हातानं मांडीवर ठेका धरून "पा-णी-दे" गातात. आईही सुरातच विचारते, "किती-देऊ?"

रविवारी व्हिडिओ कॉल कर. टीव्ही बंद ठेव. चार दिवस ते तुझ्या पिंट्याचा फोटो घेऊन त्याचं नाव घोकताहेत. पिंट्यालाच विचारू दे, "आबा, मी कोण?" मग मनातल्या मनात वीस मोज. ओठ हलले तरी तू बोलू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. बिस्किटांचे पुडे पाठवू नकोस. कोरडं खाल्लं की ठसका लागतो, आणि पाणीही सध्या ताकाइतकं दाट करून, हनुवटी खाली घेऊनच द्यायला सांगितलंय.