कातडीच्या आतलं

रेडिएशन संपलं, साल निघाली, लाली ओसरली. आता उरलाय सावळा डाग. भेटायला येणारे म्हणतात, "छान बरी झालीस की!" मीही मान डोलावते. पण हात फिरवला की छातीवरची ती कातडी अजून जाड, ओढल्यासारखी लागते. बरं झालं म्हणायचं ते कुणाच्या साक्षीनं, डोळ्यांच्या की बोटांच्या?

म्हणून त्वचेच्या सोनोग्राफीबद्दल वाचताना हरखले. पोटासाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, त्वचेसाठी २० किंवा त्याहून अधिक. वारंवारिता वाढली की लहरी खोल जात नाहीत, काही मिलिमीटरांतच विरतात. पण तेवढ्यातलं बारीकसारीक दाखवतात. आतल्या थरात पाणी साठलं तर तो जाड आणि काळसर दिसतो, सूज उतरली की जाडी घटते. दुसऱ्या बाजूच्या निरोगी त्वचेशी ताडूनही पाहता येतं. सुई नाही, पुन्हा किरणं नाहीत. आत पाहायचं ते यासाठी, की रेडिएशननंतर वरची जखम काही आठवड्यांत भरते. आतलं तंतुमय घट्टपण मात्र महिन्यांनी, कधी वर्षांनीही येतं.

डॉक्टर अजून बहुधा नजरेनं आणि स्पर्शानंच अंदाज घेतात. त्यातही तथ्य आहे. खाज आणि ठणका कुठल्याच पडद्यावर उमटत नाही. पण "मला अजून ओढतंय" म्हणणाऱ्या बाईच्या बाजूनं मिलिमीटरमधला एक आकडा उभा राहिला, तर तिला तेच तेच पटवून द्यावं लागणार नाही. पुढच्या तपासणीला विचारणार आहे.