साडेचार तासांचा फरक

विमानाने दूरदेशी जाणाऱ्याचा पहिला दिवस धड घरचा नसतो आणि धड परक्या मुलखाचाही नसतो. बोटीच्या काळी असे नव्हते. मुंबईहून निघालेली बोट पश्चिमेकडे सरके, तसतशी तिच्यावरची घड्याळे थोडीथोडी मागे करीत. प्रवासी विलायतेच्या धक्क्यावर उतरे तेव्हा त्याची भूक आणि झोपही त्याच्याबरोबरच उतरे. विमान मात्र ७,२०० किलोमीटरची वाट नऊ-दहा तासांत उरकते. देह पोचतो, भूक आणि झोप मागाहून मालगाडीने येतात.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही उभयता लंडनला गेलो. लग्नाला वीस वर्षे झाल्यावरचा आमचा हा पहिला परदेशप्रवास. घरी मधुमेह असलेली आई आणि नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला मुलगा, एकमेकांच्या हवाली. सकाळी साडेसातला हीथ्रोवर उतरलो, तेव्हा पोटात बारा वाजले होते. मुक्कामाची खोली तीनच्या आत मिळणार नव्हती. जाणत्यांनी बजावले होते, ‘पहिल्या दिवशी दुपारी आडवे व्हाल तर चार रात्री घुबडासारखे जागाल!’ सल्ला शास्त्राला धरून आहे. शरीरातले घड्याळ उजेडावर लागते आणि दिवसाकाठी तासाभराच्या आसपासच सरकते. तेव्हा सामान ठेवून आम्ही उन्हाच्या शोधात निघालो, ते बिनड्रायव्हरच्या छोट्या आगगाडीने ग्रीनिचला.

तेथे १८६९ साली बांधलेले ‘कटी सार्क’ हे शिडाचे जहाज उभे आहे. ते चीनहून चहा आणीत असे, असे मी सांगताच सौभाग्यवती म्हणाल्या, “मग थोडा उरला असेल तर बघा की!”

कागदी पेल्यातला फिकट चहा घेऊन टेकडी चढलो. खाली थेम्सचे वळण, पांढरे राजवाडे आणि नदीपलीकडे काचेचे मनोरे. माथ्यावर ती वेधशाळा. खलाश्यांना भरसमुद्रात आपले रेखांश कळावेत म्हणून दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ साली ती स्थापली. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत येथूनच जगाचे शून्य रेखावृत्त ठरले. रेघेच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून लोक छायाचित्रे काढून घेतात. उपग्रहांच्या मोजणीत मात्र शून्य पूर्वेला १०२ मीटर सरकले आहे. म्हणजे त्या हिशेबाने बिचाऱ्यांचे दोन्ही पाय पश्चिम गोलार्धातच!

दरवाजाबाहेर भिंतीत १८५२ चे चोवीस तासांचे घड्याळ आहे. ते बारमहा ग्रीनिचचीच वेळ दाखवते. लंडनकर उन्हाळ्यात एक तास पुढे असतात, हे त्याच्या गावी नाही. छपरावर एक तांबडा गोळा आहे. १८३३ पासून नदीतल्या जहाजांना घड्याळे लावता यावीत म्हणून तो दुपारी एक वाजता खाली पडे. आमच्यादेखत तो पडला. तेव्हा भिंतीवर बारा वाजले होते, लंडनात एक आणि सौभाग्यवतींच्या मनगटावर साडेपाच. मला आठवली माझी आजी. ती ‘मुंबईचा टैम’ म्हणे. भारताची प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईने ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. त्या हिशेबाने चार एक्कावन्न झाले होते. एकाच क्षणाला चार नावे!

“तुमचे घड्याळ लावून घ्या ना,” मी म्हटले.

“आठ वाजता आईंचे इन्शुलिन आहे,” एवढेच त्या बोलल्या.

तीनला खोली मिळाली. मी बूट न काढताच आडवा झालो. त्या खुर्चीत ताठ बसून राहिल्या, मनगटाकडे बघत. साडेतीनला त्यांनी फोन लावला. मुलगा म्हणाला, “आजीने स्वतःच टोचून घेतले.” मग आईचा आवाज आला : “अगं, माझं सगळं वेळेवर आहे. तुम्ही जेवलात का? मग झोपा आता. अंधार पडला असेल.”

खिडकीबाहेर लख्ख ऊन होते. सूर्य मावळायला पाच तासांहून अधिक अवकाश होता.

“हो आई, झोपतोच,” असे सांगून सौभाग्यवतींनी फोन ठेवला. घड्याळ काढले, काटे साडेचार तास मागे फिरवले आणि मला हलवून म्हणाल्या, “उठा. ऊन आहे तोवर हिंडून येऊ.”